रोमला पाठविलेले विद्यार्थी

राजानें किंवा सरकारनें आपल्या खर्चानें तरुण कलावंतांना परदेशीं पाठवावें, त्यांनीं तेथील प्राचीन वास्तु, मूर्ति आणि चित्रें पाहावीं व परत येऊन स्वदेशाची कीर्ति वाढवावी, ही योजना वरवर पाहतां अगदीं सरळ दिसते. परंतु तिच्या पोटांत एक जुना वाद दडलेला आहे. पाठविणाऱ्याला जें दाखवावयाचें असतें तेंच विद्यार्थ्यानें पाहावयाचें, कीं तेथें गेल्यावर त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना जें दिसेल तें? या प्रश्नाचा विचार करूं जातां फ्रान्सइतकें उद्बोधक उदाहरण दुसरें सांपडत नाहीं. कारण मधले कांहीं खंड सोडले तर त्या देशानें तीनशें वर्षें आपले निवडक विद्यार्थी रोमला पाठविले, आणि या तीनशें वर्षांत हा वाद तेथें पुनःपुन्हा पेटला.

या प्रथेचा आरंभ १६६६ सालचा. फ्रान्सच्या गादीवर त्या वेळीं चौदावा लुई होता आणि कारभाराचीं सूत्रें कोल्बेर या कर्तबगार मंत्र्याच्या हातीं होतीं. पॅरिसमध्यें चित्रकारांची व मूर्तिकारांची राजमान्य अकादमी १६४८ पासून चालू होती. पण ज्या प्राचीन शिल्पांना ती आदर्श मानीत असे, तीं शिल्पें होतीं रोममध्यें. राफाएलचीं भित्तिचित्रें आणि मायकेलअँजेलोनें रंगविलेलें सिस्टाइन प्रार्थनामंदिराचें छत हींहि तेथेंच. भिंती आणि छतें कांहीं उचलून आणतां येत नाहींत. तेव्हां विद्यार्थ्यांनाच तेथें नेलें पाहिजे, हें उघड होतें. कोल्बेरनें शार्ल एरार या चित्रकाराला प्रमुख नेमून रोममध्यें फ्रेंच अकादमी स्थापन केली. आरंभीं बारा विद्यार्थी ठरले होते: सहा चित्रकार, चार मूर्तिकार आणि दोन वास्तुकार.

या बारा जणांनीं काय करावयाचें, याविषयीं संदिग्धता मुळींच नव्हती. रोममध्यें जें जें उत्तम आहे त्याची हुबेहूब प्रतिकृति करून ती राजाकडे पाठवावयाची. राजाखेरीज दुसऱ्या कोणासाठीं काम करावयाचें नाहीं. ट्रेजन बादशहाच्या विजयस्तंभावरील शिल्पपट्टाचे सांचे याच काळांत घेतले गेले. प्राचीन पुतळ्यांच्या संगमरवरी प्रतिकृति गाड्यांतून व जहाजांतून फ्रान्सकडे जाऊं लागल्या आणि व्हर्सायच्या उद्यानांत उभ्या राहिल्या. तात्पर्य, संस्थेचा पहिला हेतु जितका शिक्षणाचा होता तितकाच, किंबहुना त्याहूनहि अधिक, राजवाडा शृंगारण्याचा होता. विद्यार्थी शिकला तर तो वरचा लाभ.

त्याच सुमारास इंग्लंडांतील धनिकांचे पुत्रहि इटलीची वाट धरूं लागले होते. 'ग्रँड टूर' या नांवानें प्रसिद्ध असलेला हा प्रवास अठराव्या शतकांत तर सरदारघराण्यांतील शिक्षणाचा शेवटचा धडाच मानला जाई. बरोबर एक शिक्षक, खिशांत सावकारांच्या नांवचीं पत्रें, आणि परततांना पेट्यांतून चित्रें, नाणीं, पुतळे. या तरुणांनीं इटली पाहिली खरी. पण ती बहुधा ग्राहकाच्या नजरेनें. अकादमीच्या विद्यार्थ्यास विकत घेण्याची ऐपत नव्हती. त्याच्या हातीं खडू, कागद आणि मोजपट्टी एवढेंच असे. मात्र त्याच्यापाशीं एक वस्तु अशी होती, कीं जी सरदारपुत्रापाशीं क्वचितच असे. ती म्हणजे वेळ. एकाच भिंतीसमोर महिनेच्या महिने बसण्याची त्याला नुसती मुभा नव्हती, तर तसें बसणें हेंच त्याचें कर्तव्य होतें.

हें भाग्य मिळविण्याचा मार्ग मात्र अत्यंत अवघड होता. 'रोमचें पारितोषिक' या नांवाची स्पर्धा पॅरिसमध्यें होत असे. चित्रकला व मूर्तिकला यांच्या जोडीला १७२० पासून वास्तुकलेची स्पर्धा नियमित भरूं लागली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं खोदचित्रण आणि संगीत यांचीहि भर पडली. चाळणीवर चाळणी लागून जे थोडे उरत त्यांना स्वतंत्र खोल्यांत बंद करून एकच विषय दिला जाई. विषय बहुधा होमरांतला, रोमच्या इतिहासांतला किंवा बायबलांतला. प्रथम कच्चा आराखडा करावयाचा आणि मग त्याच्याशीं प्रामाणिक राहून कित्येक आठवडे पुरी कृति तयार करावयाची. बाहेरच्या कोणाची मदत घ्यावयाची नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील नियमानें उमेदवार फ्रेंच, तीस वर्षांच्या आंतला आणि अविवाहित असावा लागे. पहिला आला तो रोमला जाई. बाकीचे पुढच्या वर्षाची वाट पाहत.

या प्रतीक्षेनें माणसें किती होरपळत, याचें उदाहरण म्हणजे दाव्हिद. पुढें ज्याच्या कुंचल्यानें साऱ्या युरोपची अभिरुचि बदलली, तो हा चित्रकार लागोपाठ तीन वर्षें अपयशी ठरला. १७७२ च्या अपयशानंतर तर त्यानें स्वतःस कोंडून घेऊन अन्नत्याग केला होता. अखेर १७७४ मध्यें पारितोषिक मिळालें आणि दुसऱ्या वर्षीं तो रोमला गेला. प्राचीन शिल्पांच्या रेखाचित्रांनीं त्यानें वह्याच्या वह्या भरल्या. पूर्वीची गोड, गुलाबी चित्रशैली गळून पडली; त्या जागीं कठोर रेषा आणि गंभीर मांडणी आली. १७८४ मध्यें तो पुन्हा रोमला गेला आणि तेथें त्यानें 'होरातींची शपथ' हें चित्र पुरें केलें. पुढच्या वर्षीं तें पाहावयास प्रथम रोममध्यें आणि मग पॅरिसमध्यें लोकांनीं गर्दी केली. प्राचीन रोममधील त्याग आणि निष्ठा त्या चित्रांत अशी कांहीं उतरली होती, कीं चार वर्षांनीं आलेल्या राज्यक्रांतीनें तें आपलेंच मानलें. विलक्षण गोष्ट अशी, कीं १७९३ मध्यें क्रांतिकारकांच्या प्रतिनिधिसभेनें राजाच्या अकादमी मोडून टाकल्या तेव्हां त्या ठरावामागें दाव्हिदच अग्रभागीं होता. ज्या संस्थेनें त्याला घडविलें तीच त्याला जुलमी वाटत होती. त्याच वर्षीं जानेवारींत रोममधील जमावानें फ्रेंच अकादमीच्या वाड्यावर हल्ला केला, बासव्हिल या फ्रेंच वकिलाचा खून झाला आणि विद्यार्थी जीव घेऊन पळाले.

तथापि संस्था मेली नाहीं. नेपोलियनच्या कारकीर्दींत, १८०३ मध्यें, ती पिंचो टेकडीवरील व्हिला मेडिची या प्रशस्त वाड्यांत गेली आणि आजहि ती तेथेंच आहे. मधल्या धामधुमींत ज्यांचें नशीब अडलें त्यांत एंग्र हा चित्रकार होता. त्यानें १८०१ मध्यें पारितोषिक जिंकलें. पण सरकारी तिजोरींत पैसा नसल्यानें त्याला १८०६ पर्यंत पॅरिसमध्येंच थांबावें लागलें. एकदां गेला तो मात्र अठरा वर्षें इटलींतच राहिला. १८११ मध्यें त्यानें रोमहून पाठविलेल्या 'ज्युपिटर आणि थेटिस' या चित्रांतील लांबविलेल्या, प्रमाण सोडलेल्या आकृति पाहून पॅरिसच्या परीक्षकांनीं नाकें मुरडलीं. नेपोलियनचें साम्राज्य कोसळल्यावर रोममध्यें येणाऱ्या प्रवाशांचीं शिसपेन्सिलीचीं चित्रें काढून त्याला पोट भरावें लागलें. हाच एंग्र १८३५ ते १८४१ पर्यंत त्याच अकादमीचा प्रमुख होता.

पॅरिसहून रोम गांठणें हा आगगाडीच्या पूर्वीच्या काळीं कित्येक आठवड्यांचा प्रवास होता. कांहीं जण मार्सेल्सहून समुद्रमार्गें येत. बहुतेक लिऑंवरून आल्प्सच्या माँ-सनी घाटानें उतरत आणि वाटेंत तुरीन, फ्लॉरेन्स यांसारखीं शहरें पाहत पाहत पुढें जात. रोममध्यें मुक्काम चार-पांच वर्षांचा. दरवर्षीं कांहीं नेमून दिलेलें काम करून पॅरिसला पाठवावें लागे. तेथें तें जाहीरपणें मांडलें जाई आणि अकादमी त्यावर आपला अभिप्राय लिही. वास्तुकाराचें काम विशेष कष्टाचें असे. पहिल्या वर्षांत तो एखाद्या खांबाचें, कमानीचें, कंगोऱ्याचें बारकाईनें चित्रण करी. चौथ्या वर्षीं मात्र एक संपूर्ण प्राचीन इमारत त्याच्यापुढें उभी असे. शिड्या लावून, ओळंबा सोडून, दगडन् दगड मोजून त्यानें दोन प्रकारचे नकाशे करावयाचे: एक, भग्नावशेष आज जसे आहेत तसे, दुसरा, ती इमारत मूळची कशी असेल याचा. पहिल्यांत हाताची परीक्षा होती, दुसऱ्यांत बुद्धीची. आणि खरा वाद पेटला तो या दुसऱ्या नकाशावरूनच.

आंरी लाब्रूस्त यानें १८२४ मध्यें वास्तुकलेचें पारितोषिक मिळविलें. चौथ्या वर्षाच्या कामासाठीं त्यानें रोममधील एखादी कीर्तिमान इमारत न निवडतां नेपल्सच्या दक्षिणेस असलेलें पेस्टम निवडलें. इटलींत येऊन वसलेल्या ग्रीकांचें हें शहर. हिंवतापाच्या दलदलींत ओस पडलेलें. तेथें डोरिक पद्धतीचीं तीन मंदिरें उभीं आहेत. विद्यार्थ्यानें मोजलीं तीं मापें फ्रान्समध्यें प्रमाण मानल्या गेलेल्या देलागार्देतच्या ग्रंथांतील मापांशीं जुळेनात. पण मापांहूनहि त्याचे निष्कर्ष अधिक खटकणारे होते. ग्रीक वास्तुकलेचे नियम सर्वत्र आणि सर्वकाळ सारखेच, ही अकादमीची श्रद्धा. लाब्रूस्तनें दाखविलें तें असें, कीं ग्रीक लोक परक्या भूमीवर आले, तेथला दगड वेगळा, गरजा वेगळ्या, म्हणून त्यांची वास्तुहि हळूहळू वेगळी झाली. 'नेपच्यूनचें मंदिर' म्हणून ओळखली जाणारी वास्तु मूळच्या ग्रीक प्रमाणांना सर्वांत जवळची, म्हणून ती सर्वांत जुनी. बाकीच्या दोन मागाहूनच्या, असें त्यानें मांडलें. त्यांपैकीं 'बॅसिलिका' म्हटली जाणारी इमारत, जिच्या दर्शनी बाजूस नऊ खांब आहेत आणि जिच्या मधोमधहि खांबांची ओळ आहे, ती देवालय नसून नागरिकांची सभागृहासारखी जागा असली पाहिजे, असें त्याचें मत. म्हणून त्यानें आपल्या नकाशांत तिच्या भिंतींवर रंग भरले, शिलालेख आणि लोकांनीं टांगलेलीं मानचिन्हें काढलीं. शुभ्र, निश्चल, आदर्श अशा इमारतीच्या जागीं माणसांनीं वापरलेली, सजविलेली, बदललेली इमारत कागदावर उभी राहिली.

अकादमीचा स्थायी चिटणीस कात्रमेर द कँसी हा प्राचीन कलेचा मोठा व्यासंगी आणि तितकाच कडवा पुरस्कर्ता होता. त्याच्या गोटांतून लाब्रूस्तच्या कामावर कडक टीका झाली. रोममधील प्रमुख ओरास व्हेर्ने यानें मात्र आपल्या विद्यार्थ्याची बाजू निर्धारानें उचलून धरली. जागेवर जाऊन ज्यानें मोजलें त्याच्यावर, न मोजणाऱ्यांनीं दोष ठेवावा हें त्याला मान्य नव्हतें. वाद गाजला. १८३० मध्यें लाब्रूस्त पॅरिसला परतला तेव्हां तरुण विद्यार्थ्यांनीं त्याच्या भोंवतीं गर्दी केली. पण सरकारकडून मोठी इमारत बांधण्याचें काम कित्येक वर्षें त्याच्या वांट्याला आलें नाहीं. अखेर १८३८ मध्यें सँत-जनव्हिएव्ह ग्रंथालयाचें काम त्याच्याकडे सोंपविण्यांत आलें आणि १८५० पर्यंत इमारत पुरी झाली. बाहेरून दगडाची, भिंतींवर शेंकडों ग्रंथकारांचीं नांवें कोरलेलीं. आंत वाचनाच्या विशाल दालनांत मात्र ओतीव लोखंडाचे सडपातळ खांब मधोमध एका ओळींत उभे आहेत आणि लोखंडाच्याच कमानींवर दुहेरी छत पेललेलें आहे. पेस्टमच्या त्या इमारतींतील मधल्या खांबांच्या ओळीशीं असलेलें साम्य नजरेंत भरल्यावांचून राहत नाहीं. पण लाब्रूस्तनें येथें ग्रीक खांबाची नक्कल केलेली नाहीं. नवीन द्रव्य मिळालें, नवीन गरज उत्पन्न झाली, तेव्हां वास्तूनेंहि बदललें पाहिजे, हा पेस्टमला शिकलेला धडा त्यानें पॅरिसमध्यें लोखंडांत लिहिला. १८६७ मध्यें त्याच अकादमीनें त्याला आपला सभासद करून घेतलें.

या कथेला एक उपकथा आहे आणि ती विसरणें अन्यायाचें होईल. पुढच्या संशोधनानें पेस्टमच्या मंदिरांचा कालक्रम निश्चित केला, तो लाब्रूस्तच्या अगदीं उलट निघाला. 'बॅसिलिका' हीच सर्वांत जुनी, ख्रिस्तपूर्व ५५० च्या सुमाराची. 'नेपच्यूनचें मंदिर' त्यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं झालेलें. आणि 'बॅसिलिका' हें सभागृह नव्हे, देवालयच. म्हणजे विद्यार्थ्याचें उत्तर चुकलें होतें. तरीहि त्याचा प्रश्न बरोबर होता: इमारत ही कोणत्या लोकांची, कोणत्या गरजेची, कोणत्या काळाची? तो प्रश्न विचारण्याचें धैर्य त्याला ग्रंथांनीं दिलें नाहीं. उन्हांत शिडीवर उभें राहून केलेल्या मोजणीनें दिलें.

असा प्रसंग एकट्या लाब्रूस्तवरच आला असें नाहीं. मूर्तिकार कार्पो यानें १८५४ मध्यें पारितोषिक जिंकलें. नियमाप्रमाणें विद्यार्थ्यानें प्राचीन किंवा बायबलांतील विषय घेऊन थोड्याच आकृति घडवावयाच्या. कार्पोचें मन मायकेलअँजेलोनें आणि दांतेनें व्यापलें होतें. तुरुंगांत उपाशी मरणारा उगोलिनो आणि त्याच्या पायांशीं विव्हळणारीं चार मुलें, असा पांच आकृतींचा समूह त्यानें वरिष्ठांचा विरोध पत्करून तडीस नेला. तो समूह आज फ्रेंच मूर्तिकलेचें भूषण मानला जातो.

ज्यांना रोमचा दरवाजा उघडलाच नाहीं त्यांचाहि येथें विचार केला पाहिजे. रोदँ हा तर पॅरिसच्या कलाशाळेंतच तीन वेळां नाकारला गेला. १८७५-७६ मध्यें तो स्वतःच्या खर्चानें इटलीस गेला आणि मायकेलअँजेलोचे पुतळे पाहून आला. देगानें आपल्या घरच्या पैशावर १८५६ पासून तीन वर्षें इटलींत घालविलीं. दलाक्र्वा इटलीस कधींच गेला नाहीं. त्याला प्राचीन जगाचें दर्शन घडलें तें १८३२ मध्यें मोरोक्कोंत. स्त्रियांना तर ही स्पर्धा १९०३ पर्यंत बंदच होती. १९११ मध्यें लुसिएन हव्हेल्माँ हिनें मूर्तिकलेंत आणि १९१३ मध्यें लिली बुलांजे हिनें संगीतांत पहिलें पारितोषिक मिळविलें, तेव्हां संस्थेला अडीचशें वर्षें होत आलीं होतीं. तेवढ्या अवधींत किती हात रिकामे राहिले असतील, याची गणना कोण करणार?

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर रोमचें महत्त्व ओसरूं लागलें. १८९९ चा विजेता तोनी गार्निए यानें प्राचीन मंदिराऐवजीं एका आधुनिक औद्योगिक नगराचे नकाशे रोमहून पाठविले. अकादमीला ते रुचले नाहींत. चित्रकला तर पॅरिसच्या रस्त्यांवर आणि उपनगरांत नवीन रूप घेत होती. अखेर १९६८ मध्यें, विद्यार्थ्यांच्या प्रचंड उठावाच्या वर्षीं, फ्रान्सचे सांस्कृतिक मंत्री आंद्रे माल्रो यांच्या कारकीर्दींत ही स्पर्धा रद्द झाली. व्हिला मेडिचींत कलावंत अजूनहि राहतात. परंतु बंद खोलींत कोंडून घेतलेल्या परीक्षेनें त्यांची निवड होत नाहीं.

या प्रथेचे पडसाद मुंबईपर्यंत पोंचले होते. १९२० नंतरच्या दशकांत सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांनीं 'दिल्लीचें पारितोषिक' या नांवाची एक योजना हिरीरीनें पुढें मांडली. तिचें नांवच तिचें मूळ सांगतें. योजना जशी आंखली तशी उभी राहिली नाहीं. मात्र नव्या दिल्लीच्या सचिवालयांतील भिंती रंगविण्याचें कांहीं काम मुंबईच्या विद्यार्थ्यांना मिळालें. पण त्याहि आधीं, १८७२ ते १८८५ या काळांत, याच शाळेचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखालीं अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या प्रतिकृति करीत होते. त्यांत पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढें नांवलौकिकास चढलेले चित्रकार होते. लंडनला पाठविलेल्या त्या प्रतिकृतींपैकीं पुष्कळशा साउथ केन्सिंग्टन येथील १८८५ च्या आगींत जळून गेल्या. व्हर्सायच्या उद्यानांतील पुतळे टिकले, अजिंठ्याच्या प्रतिकृति जळाल्या. परंतु दोन्ही ठिकाणीं नक्कल करतां करतां जी दृष्टि विद्यार्थ्याला आली ती कोणाच्या मालकीची नव्हती, आणि तिला आग लागत नाहीं.

फ्रान्सच्या राजानें प्रतिकृति मागितल्या आणि त्याला त्या मिळाल्या. अकादमीनें आज्ञाधारक शिष्य मागितले आणि तेहि तिला शेंकड्यांनीं मिळाले. त्यांचीं नांवें आज कोणाच्या स्मरणांत नाहींत. जीं थोडीं नांवें उरलीं तीं बहुतेक अशांचीं, कीं ज्यांनीं नेमून दिलेलें काम इतक्या निष्ठेनें केलें, कीं त्या कामानेंच त्यांना नेमणाऱ्यांच्या पुढें नेलें. विद्यार्थ्याला दूर देशीं पाठविणाऱ्यानें हें आधींच ओळखून ठेवावें. त्याच्या हातीं मोजपट्टी द्यावयाची, तर तिनें निघालेलें माप मान्य करण्याचीहि तयारी ठेविली पाहिजे.